शून्य लिटरचं घर

ताथवड्यात एका इंजिनिअरिंग कॉलेजचं मागचं गेट आणि एका बावीस मजली इमारतीचं पुढचं गेट यांच्या मधोमध हिंदुरावांचा गोठा आहे. गोठ्यात चार म्हशी आहेत. इमारतीतल्या लोकांनी वासाबद्दल महापालिकेकडे दोनदा अर्ज केला. अर्जावर सव्वीस सह्या होत्या आणि त्यातले एकोणीस जण दूध हिंदुरावांकडूनच घेत. अर्जाची नक्कल हाती आली तेव्हा हिंदुरावांनी ती शेवटपर्यंत वाचली, पण रागवायचं राहूनच गेलं. त्या एकोणीस सह्यांपुढे त्यांना लिटर दिसत होते.

म्हशी ठेवायची गरज कधीच संपली होती. जमीन थोडी रस्त्याला गेली, बरीच बिल्डरला. उरलेल्या तुकड्यावर तीन मजली घर उभं राहिलं, वरच्या खोल्यांत कॉलेजची पोरं भाड्याने आली. पण पहाटे चारला आपोआप जाग येणाऱ्या माणसाने उठून करायचं काय, या प्रश्नाला बिल्डरकडे उत्तर नव्हतं. म्हणून म्हशी राहिल्या.

तीस वर्षं घरोघर रतीब घातल्यावर हिंदुरावांकडे माणसं मोजायची एकच पट्टी उरली होती: घरात रोज दूध किती जातं. दोन लिटरचं घर म्हणजे दोघं कमावती, पोरं वाढती. दोनाचं दीड झालं की कंपनीतला ओव्हरटाइम बंद झाला. दिडाचं एक झालं की कसला तरी हप्ता सुरू झाला. एकाचं अर्धं झालं की नोकरी गेली, आणि हे शेजाऱ्यांना कळायच्या कितीतरी आधी हिंदुरावांना कळलेलं असे. अशा घराला ते पुढचे दोन-तीन महिने माप भरून वर एक पळी जास्त घालत आणि त्याबद्दल अवाक्षर काढत नसत. ही पट्टी आजवर एकदाही चुकली नव्हती. निदान चुकल्याचं कुणी येऊन सांगितलं नव्हतं.

आणि त्यांच्या स्वतःच्या लेकीच्या घरात आता दूध शून्य लिटर जात होतं. पट्टीवर तेवढी खालची खूणच नव्हती.

लेक प्राजक्ता, एकुलती एक. लग्नाला चार वर्षं झालेली. नवऱ्यासोबत संत तुकाराम नगरात दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहायची, दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायची. नवरा ज्ञानेश मूळचा भूम तालुक्यातला, चाकणला सुट्या भागांच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचा. लग्नात हिंदुरावांनी फ्लॅट देऊ केला तेव्हा या मुलाने हात जोडून, अतिशय नम्रपणे, नको म्हटलं होतं. मग त्यांनी गाडी देऊ केली. तीही तितक्याच नम्रपणे नको. तेव्हापासून हिंदुराव जावयाला जरा भिऊन असत. ज्याला काहीच देता येत नाही अशा माणसाशी वागायचा त्यांना सराव नव्हता.

दुधाची बातमी आणली ती चुलतभाऊ यशवंतरावांनी. पिंपरीत काही काम होतं, म्हणून ते सहज प्राजक्ताकडे डोकावले, तर पुढ्यात कोरा चहा आला. त्या सगळ्या भागात बिनदुधाचा चहा मिळतो तो मयताच्या घरी. यशवंतरावांनी कप खाली ठेवला, टोपी काढून मांडीवर घेतली आणि खालच्या आवाजात विचारलं की कोण गेलं. प्राजक्ता हसून म्हणाली, कुणी गेलं नाही काका, आम्ही दूध-तूप सोडलंय, व्हिगन झालोय. हे ऐकून यशवंतराव जे उठले ते थेट ताथवड्याला येऊन थांबले आणि पोरीला यीगन का कायतरी झालंय असं सांगून गेले. हिंदुरावांच्या बायकोने, रुक्मिणीबाईंनी, त्यावर औषध असतं का ते विचारलं.

हिंदुरावांना औषधाची गरज वाटली नाही, कारण निदान त्यांनी तिथल्या तिथे केलं. चाकणच्या कंपन्यांत ओव्हरटाइम बंद झाल्याचं त्यांना रतीबावरून दोन महिन्यांपूर्वीच कळलं होतं. लेक-जावयाची कमाई घटली. दूध परवडेना. आणि बापासमोर दूध परवडत नाही असं म्हणायचं कसं, बाप दूधवाला असताना, म्हणून लेकीने एक इंग्रजी शब्द शोधून काढला. शिकलेल्या माणसांना असा शब्द सापडतोच, हे त्यांना इमारतीतल्या लोकांवरून ठाऊक होतं.

रुक्मिणीबाईंनी रात्रीत निर्णय घेतला. वरच्या दोन खोल्यांतली पोरं काढायची आणि लेक-जावयाला घरी आणायचं. बोलायचं काम मात्र हिंदुरावांचं.

तिथेच सगळं अडलं होतं. लेक-जावई खरंच अडचणीत असले आणि आपण गप्प बसलो, तर पोटची पोर अर्धपोटी राहणार. नसले आणि आपण बोललो, तर जावई हात जोडून, अतिशय नम्रपणे, नको म्हणणार आणि त्यानंतर या घराची पायरी चढणार नाही. मग लेकही चढणार नाही. तेव्हा बोलायच्या आधी खात्री करून घेणं भाग होतं.

चाकणच्या सुट्टीचा वार गुरुवार. त्या गुरुवारी हिंदुराव स्कूटर काढून निघाले. आयुष्यात पहिल्यांदा ते कुणाच्या तरी घरी किटलीशिवाय चालले होते. रिकामे हात कुठे ठेवायचे ते त्यांना सिग्नलला थांबल्यावर कळेना.

प्राजक्ताने कोरा चहाच दिला, गवती चहा घातलेला. हिंदुरावांनी तो पिता पिता लेकीला निरखून पाहिलं. वाळलेली दिसत नव्हती. चेहऱ्यावर तेज होतं. पण म्हैस आटायच्या आधी महिनाभर तीही छानच दिसते, असं मनाशी म्हणून त्यांनी तो पुरावा बाद केला.

तेवढ्यात शिकवणीची चार मुलं आली आणि बाहेरच्या खोलीत बीजगणित सुरू झालं. ज्ञानेशने ज्वारीचा डबा उचलला, मामा बसा, दळण घेऊन आलोच म्हणाला आणि गिरणीला गेला. हिंदुराव स्वयंपाकघरात एकटे उरले.

दुसऱ्याच्या घरातले डबे उघडून बघणं हे काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं. गावात ज्या दोन-तीन बायका ते करत त्यांच्याबद्दल हिंदुरावांचं मत चांगलं नव्हतं. तरी ते उठले. भिंतीतल्या शेल्फात पत्र्याचे आणि स्टीलचे डबे ओळीने होते, प्रत्येकावर लेकीच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली. हुलगे, मटकी, मसूर, चवळी, शेंगदाणे, तीळ, जवस, कारळ. त्यांनी हुलग्याचा डबा उचलला. किटलीत अर्धा पावशेर कमी-जास्त असेल तर या हाताला न उघडता कळे. हाताने सांगितलं, हलका आहे. झाकण काढलं तर तळाला मूठभर हुलगे. मटकी, दीड मूठ. जवस इतके कमी की मोजता आले असते. चवळीच्या डब्यात चवळी आहे हे चिठ्ठीवरूनच समजायचं. सात डबे त्यांनी उघडले, सात वेळा तेच.

शेल्फाशेजारी एक खिळा होता आणि त्याला पुठ्ठ्याच्या पाच-सहा चिठ्ठ्या टांगलेल्या. हिंदुरावांनी चष्मा लावला. चवळी. गूळ. जवस. चिंच.

ही काय यादी आहे ते विचारायची त्यांना गरज वाटली नाही. आणायच्या राहिलेल्या वस्तू. पैसे आले की आणू म्हणून टांगून ठेवलेल्या. गूळसुद्धा त्यात होता. चिंचसुद्धा होती, जी ताथवड्याच्या रस्त्यावर गाड्यांच्या चाकाखाली येते.

त्यांनी सगळी झाकणं होती तशी लावली आणि स्टुलावर बसले. फोडणीच्या धुराने डोळ्यांत पाणी आलं म्हणावं, तर गॅस बंद होता.

ज्ञानेश दळण घेऊन आला तेव्हा हिंदुरावांची वाक्यं जुळवून झाली होती. खात्री झाली होती, आता बोलायलाच हवं होतं. गोष्ट पोरीच्या पोटाची होती. त्यांनी घसा साफ केला.

"पाव्हणं, आमच्या वरच्या दोन खोल्या हायती न्हवं का…"

"हो, पोरं राहतात त्या."

"व्हय. त्याच." जावयाचे दोन हात जोडले जाताना त्यांना आत्ताच दिसायला लागले होते. नजर फिरवायला जागा हवी म्हणून त्यांनी खिळ्याकडे पाहिलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "ह्या चिठ्ठ्या कसल्या वं?"

ज्ञानेशचा चेहरा बदलला. सासऱ्याने चार वर्षांत पहिल्यांदाच त्याला त्याच्या कामातलं काहीतरी विचारलं होतं. पिठाचा डबा तसाच हातात ठेवून तो सांगायला लागला. कंपनीत स्टोअरला प्रत्येक सुट्या भागाचे दोन डबे असतात मामा, एक पुढं, एक मागं. पुढचा संपत आला की त्याची चिठ्ठी खिळ्याला. पुरता संपला की मागचा पुढं ओढायचा आणि पुढचा भरून आणून मागं ठेवायचा. चिठ्ठी लागल्याशिवाय काही आणायचं नाही, त्यामुळं जास्तीचं येत नाही. आणि चिठ्ठी लागते तेव्हा मागं भरलेला असतोच, त्यामुळं लाइन कधी थांबत नाही. आम्ही महिन्याच्या शेवटी चिठ्ठ्या काढतो आन् तेवढाच किराणा आणतो. आज महिनाअखेर आहे, म्हणून पुढचे सगळे तळाला गेलेत बगा.

"मागं?" हिंदुराव म्हणाले.

ज्ञानेशने हुलग्याचा डबा बाजूला केला. त्याच्या मागे, शेल्फाच्या अंधारात, तेवढाच दुसरा डबा उभा होता.

हिंदुरावांनी तो दोन्ही हातांनी उचलला. हात खाली गेले. झाकण काढलं तर हुलगे काठाला टेकलेले. त्यांनी डबा ठेवला आणि देवळाच्या गाभाऱ्यात डोकावतात तसं वाकून शेल्फात डोकावले. मटकीमागे मटकी होती. मसुरामागे मसूर. शेंगदाणे, तीळ, जवस, कारळ, सगळ्यांच्या पाठीशी त्यांचाच एकेक भाऊ गच्च भरून उभा. सगळ्यात खाली आमसुलं, आणि गुळाची अख्खी ढेप. वरच्या फळीवर वाळवलेल्या गवारीची, मेथीची, भोपळ्याच्या फोडींची फडक्यात बांधलेली गाठोडी. दरवाज्यामागे पत्र्याच्या कोठीत गुडघ्याच्या वर येईल इतकी ज्वारी. दूध, दही, तूप, लोणी, खवा यांतलं काहीही नाही, आणि तरी जागा म्हणून शिल्लक नाही.

दोन कमावत्या माणसांच्या दोन खोल्यांत एवढं धान्य असेल अशी कल्पना हिंदुरावांनी केली नव्हती. त्यांच्या स्वतःच्या तीन मजली घरात तूरडाळ संपली की खालच्या दुकानात फोन जाई.

"ही जपानी पद्धत आहे मामा," ज्ञानेश नम्रपणे म्हणाला.

"जपानी कसली," बाहेरून प्राजक्ता म्हणाली. मुलं गेली होती आणि ती दारात उभी होती. "अण्णा कडब्याच्या दोन गंज्या लावायचे. पुढची संपल्याशिवाय मागचीला आईनं हात लावला की अख्ख्या आळीला ऐकू जायचं."

हे खरं होतं. आपण इतकी वर्षं जपानी पद्धतीने ओरडत होतो, हे मात्र हिंदुरावांना कुणी सांगितलं नव्हतं.

मग ज्ञानेशनेच सांगितलं की डब्यांची मांडणी तेवढी त्याची, बाकी सगळं डोकं तिचं. दूध सोडलं तेव्हा पहिल्या आठवड्यात तिनं मॉलमधून बदामाच्या दुधाचा एक डबा आणला. त्या पैशात मामांचं चार लिटर आलं असतं. तीन दिवस दोघांनी ते तीर्थासारखं प्यायलं, मग तिनं डबा धुऊन त्यात कोथिंबीर लावली आणि पुन्हा मॉलची पायरी चढली नाही. किराण्याला महिन्याचे साडेतीन हजार, त्यावर नाही, असं तिनं ठरवलं, तेही ओव्हरटाइम चालू असताना. चवळी, वाल, हुलगे ती नवं पीक आल्यावर चाकणच्या बाजारातून घेते, ज्वारी वर्षाची एकदम. पालेभाजीला मंडईत संध्याकाळी शेवटी जाते, तेव्हा भाजीवाले घोळ आणि राजगिरा जवळजवळ फुकटात ढकलून देतात. सगळ्या पिशव्या घेऊन ती बसने येते. ज्ञानेश हे सांगत होता आणि सांगता सांगता त्यालाही नव्याने आश्चर्य वाटत असावं, कारण मधूनच तो थांबून बायकोकडे बघत होता.

जेवायला हुलग्याचे शेंगोळे होते, ज्वारीची भाकरी, घोळाची भाजी, जवसाची चटणी. हिंदुराव पोटभर जेवले. शेवटी प्राजक्ताने त्यांच्यापुढे एक वाटी ठेवली आणि आधीच सांगून टाकलं की हे शेंगदाण्याचं दही आहे.

इथे मात्र हिंदुराव सरसावून बसले. हा त्यांचा प्रांत होता. त्यांनी वाटी तिरकी केली, दही कडा सोडतं का ते पाहिलं. चमच्याने कड कापली. निवळी बघितली. वास घेतला. मग तोंडात घेऊन जिभेवर घोळवलं.

"इरजान कशाचं लावलं?"

"मिरचीच्या देठांचं. दाणे भिजवून वाटायचे, गाळून उकळायचं, कोमट झालं की देठं टाकायची. रात्रभरात लागतं. चोथा थालीपिठात जातो."

"देठांचं," हिंदुराव म्हणाले. मिरचीची देठं ते जन्मभर उकिरड्यावर टाकत आले होते. त्यांनी आणखी एक चमचा घेतला. "दही न्हाई ह्ये," ते शेवटी म्हणाले. "पण लागलंय मातुर बेस." आणि वाटी संपवली. तीस वर्षं त्यांचं मत विचारायला लोक दह्याची भांडी घेऊन येत. त्यातल्या फार थोड्यांना 'बेस' मिळालं होतं.

हात धुऊन आल्यावर त्यांनी सरळच विचारलं. पैशासाठी नव्हतं, तर दूध का सोडलं.

प्राजक्ताने ताटं गोळा करायला घेतली. मग म्हणाली, "अण्णा, आपली चांदी आठवते?"

चांदी म्हणजे कपाळावर पांढरा टिळा असलेली म्हैस. तिचं रेडकू आठव्या दिवशी मेलं होतं आणि तिने पान्हा चोरायला सुरुवात केली होती. तेव्हा हिंदुरावांनी तेच केलं जे त्यांच्या बापाने केलं असतं. रेडकाचं कातडं काढून त्यात पेंढा भरला आणि ते धार काढायच्या वेळी म्हशीपुढे ठेवलं. म्हैस ते चाटायची आणि दूध द्यायची. पाच महिने दिलं.

"ती पान्हा चोरत व्हती," हिंदुराव म्हणाले.

"माहितीय. ते धरून मीच बसायची तिच्यापुढं. तुमचं लक्ष बादलीत असायचं." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, कुणाला रस्ता सांगावा तसा तो होता. "मी तेव्हा दहा वर्षांची होते. नंतरही सतरा वर्षं दूध प्यायलेच की. तुमच्यावर राग असता तर सोडायला एवढी वर्षं लागली नसती."

हिंदुराव भिंतीतल्या शेल्फाकडे बघत राहिले. या पोरीला आपण तोळ्यामाशापर्यंत ओळखतो असं ते समजत होते. ती काय बघत होती, काय साठवत होती, आणि ते किती वर्षं मागच्या डब्यात ठेवून मग पुढे ओढलं, याचा त्यांना पत्ताच नव्हता. त्यांना भीती वाटली नाही, वाईट थोडं वाटलं, आणि त्याहून कितीतरी जास्त असं काही वाटलं जे एखादं मोठं माणूस दारात आलं की त्यांना वाटे आणि ते उठून उभे राहत.

तेवढ्यात ज्ञानेशला आठवलं. "मामा, तुम्ही मघाशी खोल्यांचं काय म्हणत होता?"

प्राजक्ताच्या हातातली ताटं थांबली. तिने एकदा बापाकडे पाहिलं आणि एकदा हुलग्याच्या डब्याकडे, ज्याचं झाकण हिंदुरावांनी होतं तसं लावलं होतं खरं, पण डब्यावरची चिठ्ठी भिंतीच्या बाजूला करून. मग तिने पुन्हा बापाकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं आणि ती काही बोलणार नव्हती. वाक्य अर्धं त्यांनी टाकलं होतं, पुरं त्यांनाच करायचं होतं.

"त्या खोल्यांत चार पोरं हायती," हिंदुराव सावकाश म्हणाले. "शेगडी दिलीया त्यास्नी, पण करत्यात काय, तर मॅगी. महिन्याच्या वीस तारखेलाच पैसं संपत्यात आन् मग वडापाव. त्यातलं एक कालपास्नं आजारी हाय." एवढं बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की यात खोटं काहीच नाही. "तर म्हणलं, तुमी दोघं एका गुरुवारी येऊन त्यास्नी ह्ये डब्याचं शिकवचाल का. आमच्या हिलाबी बघायला मिळंल. तिला गरज हाय, पण आसं म्हणालो म्हणून सांगू नका."

ज्ञानेशने हात जोडले नाहीत. तो विचारात पडला होता, स्टोअरचा माणूस जसा पडतो तसा.

"शेल्फ आहे का तिथं? आत किती खोल आहे ते? दोन डबे मागंपुढं बसायला हवेत."

हिंदुरावांनी ते कधी मोजलं नव्हतं. त्यांनी उजवा हात पुढे केला आणि डाव्या हाताने कोपराच्या थोडं वर खूण केली. बोटांच्या टोकापासून इथपर्यंत.

"हलवू नका," ज्ञानेश म्हणाला. फ्रिजवरचा टेप त्याने उचलला, उलगडला आणि सासऱ्याचा हात मोजला.